अडतीस

मामांची झेन माझ्या नावावर झाली तेव्हा
काट्यावर चौतीस हजार दोनशे अकरा.
वीस वर्षांत एवढंच.
स्टँडवरची रिक्षा एवढं वर्षभरात पळते.

मी औषधाच्या दुकानात आहे. काहीही हातात आलं
की आधी उलटं करून तारीख बघायची सवय.
म्हणून माधवनगर रस्त्याला, बाबालाल मुजावरच्या गॅरेजात
पहिलं तेच विचारलं :
ऑईल किलोमीटरवर बदलायचं की वर्षांवर?
टायरची नक्षी तर नवीकोरी आहे, मग?
आतल्या पट्ट्याला आजवर कुणी हात लावलेला नाही,
तो तुटायच्या आधी काही सांगतो का?

बाबालालनं ओलं बोट टायरच्या कडेवर फिरवलं.
चार आकडे उजळले. तेवीस बारा.
"दोन हजार बारा, तेविसावा आठवडा. वाचा की तुम्हीच.
रबराला वय असतंय ताई.
गाडी पळून मरत न्हाई. बसून मरती."

ब्रेकचं तेल कोऱ्या चहासारखं. हवेतलं पाणी पितंय म्हणाला,
झाकण घट्ट असलं तरी.
स्टेपनी दोन हजार तीनची, रस्ता न बघितलेली.
तीही एक्सपायर.
बॅटरीखाली उंदरानं आणून ठेवलेलं
अर्धं हळकुंड. वास अजून होता.

जिनपालमामा हळदीच्या अडतीवर मुनीम.
समोरच्या कप्प्यात त्यांच्या सात वह्या :
"मार्केट यार्ड, ४. हवा भरली."
"बसदी, २. वायपर करकरतो."
"सिव्हिल, ६. येताना काच खाली केली, उगाच."
आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
नुसते ३८.
गावाचा रकाना कोरा.

ऑगस्ट २०१९ : "पूर. गाडी विश्रामबागेत, उंचावर. ३८ राहिले."
सप्टेंबरात मग दोनदा.

आई म्हणायची, जिनपालचं काय,
अडत ते बसदी, बसदी ते अडत.

बाबालालनं ऑईलचं झाकण उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं,
पुन्हा बघितलं.
"जवळजवळ फिरणाऱ्या गाडीत हितं साय धरती. पांढरी.
इंजिन तापायच्या आत घर येतंय, पाणी आतच ऱ्हातंय.
हिच्यात न्हाई.
हिला कोणतरी नेमानं लांब नेत हुतं. म्हणून टिकली."
मी बिलाकडं बघत राहिले.
पट्टा, कूलंट, पाच टायर, मजुरी.

सांगलीहून एकोणीस किलोमीटरवर काय आहे?
नकाशावर वाटी पालथी ठेवून गोल काढला.
तासगावच्या अलीकडे, आष्ट्याच्या आसपास,
मिरजेच्या पुढे कुठेतरी.
वाटीच्या कडेवर बरीच गावं बसतात.
बाबालालला विचारलं नाही. मातीवरून त्यानं
कदाचित ओळखलंही असतं.

दुसरा शनिवार. आयर्विन पूल ओलांडला.
तापमानाचा काटा हळूहळू मध्यावर आला
आणि तिथंच राहिला, राहू दे म्हटल्यासारखा.
एकोणिसाव्या किलोमीटरला ऊस,
एक पाण्याची टाकी, कोरडी,
तिच्या कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल.
कुणी नव्हतं.
इंजिन बंद न करता पाच मिनिटं थांबले.
टॉवेल वाऱ्यानं पडला, तो उचलून परत घातला,
आणि गाडी वळवली.
पुढच्या महिन्यात तासगाव रस्ता.

घरी येऊन आठवी वही काढली.
तारीख. ३८. ब्रेक ठीक. डावी काच मध्येच अडकते.
गावाच्या रकान्यात पेन टेकवलं,
एक टिंब उमटलं.
तेवढंच राहू दिलं.